पत्र्याआड काय आहे?

भंगाराचे गोदाम आणि वस्ती यांच्यामध्ये उंच पत्रे ठोकले की प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. ढीग दिसेनासा होतो, हे खरे. पण टायरमधले पाणी, बॅटरीतले आम्ल आणि जमिनीत मुरणारे ऑइल पत्र्याआड तसेच राहते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतील भंगार गोदामांवर बुलडोझर चालवला. अनेकांचा रोजगार गेला. अशा कारवाईला जाब विचारायलाच हवा. पण शेजाऱ्याचा हक्क देण्यासाठी नोटिशीची वाट कशाला पाहायची? घरचे गोदाम सांभाळणाऱ्या तरुणांनी हे काम आजच हाती घ्यावे.

आधी ढीग कुंपणापासून मागे घ्या आणि अग्निशमनाचा बंब आत येईल एवढी वाट मोकळी ठेवा. टायर छपराखाली रचा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. मग कुंपण घाला आणि माल त्याच्या उंचीवर जाऊ देऊ नका. वस्तीकडच्या बाजूला अडुळसा, मेंदी, करंज लावा. झाडे दाट व्हायला दोन-तीन पावसाळे लागतील, पण ती थोडी धूळही अडवतील. वाळलेला पाला मात्र वेळच्या वेळी काढा, नाहीतर आग धरेल.

हा धंदा शहराचा कचरा कमी करतो. त्याची लाज बाळगायचे कारण नाही. म्हणूनच कुंपण शेजाऱ्याच्या सोयीसाठी असावे, गैरसोयी लपवण्यासाठी नव्हे. शेजाऱ्याला फाटक उघडून आत बोलावता येईल, असे गोदाम ठेवा. उद्या नोटीस आली, तर तोही तुमच्या बाजूने बोलेल.