बर्क मूळचे कुठले?

नागपुरात सेंट्रल अव्हेन्यूवरच्या सरकारी रुग्णालयाला इंदिरा गांधींचे नाव आहे, पण रिक्षात बसणारा आजही ‘मेयोला चला’ असेच सांगतो. हा मेयो म्हणजे १८६९ ते १८७२ या काळातला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. मेयो हे त्याचे आडनाव नव्हे, सरदारकीची पदवी. मेयो हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा परगणा, आणि त्या नावाचा आयरिश भाषेतला अर्थ ‘यू वृक्षांचे मैदान’. व्हाइसरॉयचे आडनाव होते बर्क. आपल्या एका शहराच्या बोलण्यात रुळलेल्या या नावामागे साडेआठशे वर्षांची वाटचाल आहे, आणि ती आज मुद्दाम आठवावी असे कारणही आहे.

आपले मूळ शोधण्याची हौस सध्या जगभर वाढली आहे. नळीत लाळ भरून प्रयोगशाळेला पाठवली की पूर्वज टक्केवारीत घरपोच येतात. कुतूहल म्हणून यात वावगे काही नाही. पण ‘आम्ही इथले मूळचे’ या वाक्याच्या पाठोपाठ ‘तुम्ही उपरे’ हे वाक्य यायला वेळ लागत नाही, आणि तिथून पुढे माणसे एकमेकांची घरे मोजू लागतात. अशा वेळी बर्क मूळचे कुठले, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

या आडनावाचे जुने रूप ‘द बर्ग’. त्यातला ‘द’ फ्रेंच. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागून जे काम होते, तेच हा ‘द’ करतो. ‘बर्ग’ मात्र फ्रेंच नव्हे. तटबंदी केलेल्या जागेसाठी जुन्या इंग्रजीत असलेला तो शब्द आहे, आणि इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या बर्ग या गावावरून घराण्याला हे नाव पडले असे मानतात. म्हणजे ‘बर्गकर’. शब्द जिंकलेल्या इंग्रजांचा, जोड जिंकणाऱ्या नॉर्मनांची. आणि हे नॉर्मन तरी फ्रेंच कुठे होते? ते ‘नॉर्थमन’, उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू. ९११च्या सुमारास फ्रान्सच्या राजाने त्यांना सीन नदीच्या मुखाजवळ जमीन दिली, तेव्हा ते स्थिरावले. १०६६ मध्ये त्यांनी इंग्लंड जिंकले तोवर त्यांची जुनी भाषा मागे पडून तोंडी फ्रेंच आली होती. आयर्लंडला पोचण्याआधीच या दोन शब्दांच्या नावात तीन समाज येऊन बसले होते.

विल्यम द बर्ग ११८५च्या सुमारास आयर्लंडमध्ये उतरला तो तलवार घेऊन, इंग्लंडच्या राजाच्या आशीर्वादाने. त्याच्या मुलाने १२३५ मध्ये पश्चिमेचा कॉनॉट प्रांत जिंकला. नातवाच्या हाती उत्तरेकडच्या अल्स्टरची सरदारकी आली. आयरिश राजांच्या जमिनी बळकावून हे वैभव उभे राहिले, हे कोणी झाकू नये. विजेत्यांनी जे केले ते केलेच. पण गोष्ट तिथे थांबली असती तर तिच्यात शिकण्यासारखे फार काही नव्हते.

१३३३ मध्ये अल्स्टरचा तरुण सरदार, दुसरा एक विल्यम द बर्ग, त्याच्याच माणसांच्या हातून मारला गेला. मागे उरली एक तान्ही मुलगी, एलिझाबेथ. इंग्रजी कायद्याप्रमाणे सगळी दौलत तिची, आणि पुढे तिच्या नवऱ्याची. आई तिला घेऊन इंग्लंडला गेली. आयर्लंडमध्ये राहिलेल्या नातलगांपुढे पेच पडला. इंग्रजी कायदा पाळावा तर पाच पिढ्यांची जमीन हातची जाते. आयरिश रिवाजात मात्र पाळण्यातल्या मुलीपेक्षा भाऊबंदांतला कर्ता पुरुष गादीवर बसत असे. त्यांनी आयरिश रिवाज धरला. लगोलग भाऊबंदकीही पेटली. १३३८ मध्ये एका भाऊबंदाला दुसऱ्या भाऊबंदाच्याच माणसांनी मास्क नावाच्या सरोवरात बुडवून मारले. शेवटी घराण्याच्या फांद्या झाल्या, आणि त्यांतल्या प्रमुखांनी आयरिश धर्तीवर ‘मॅक विल्यम’, म्हणजे विल्यमचे वंशज, हे नाव घेतले. द बर्गचे ‘द बूर्का’ झाले. एका शाखेचा मूळपुरुष शोनीन, म्हणजे धाकटा जॉन. त्याच्या वंशजांचे ‘मॅक शोनीन’ झाले आणि पुढे इंग्रजी वळणाने ‘जेनिंग्ज’. आज मेयोतल्या एखाद्या जेनिंग्जच्या नावात बर्क दिसतही नाही.

भाषा आणि चालीरीती बदलल्या त्या आयरिश संस्कृतीच्या प्रेमापोटी नव्हे, वतनापायी. पण कारण काहीही असो, बदल खोल गेला. दोन-तीन पिढ्यांत ही मंडळी आयरिश बोलू लागली, आयरिश घरांत मुलींची लग्ने लावू लागली, मुले आयरिश कुटुंबांत वाढवायला ठेवू लागली. स्वार्थाने उघडलेल्या दारातून माया आत आली. समाज मिसळतात ते बहुतेक वेळा असेच. त्यासाठी कोणी आधी थोर विचार करावा लागत नाही.

राज्यकर्त्यांना याची धास्ती वाटली. १३६६ मध्ये किल्केनी इथे कायदा झाला. इंग्रजांनी आयरिश बोलू नये, आयरिश नाव घेऊ नये, आयरिशांशी सोयरीक करू नये, त्यांच्या घरी मुले वाढवायला देऊ नयेत, त्यांच्या कायद्याने न्याय मागू नये, त्यांचा हर्लिंगचा खेळसुद्धा खेळू नये. ही संसद भरवणारा राजपुत्र लायनेल कोण? त्या तान्ह्या एलिझाबेथचा नवरा. बायकोच्या नावावरची जमीन बर्कांच्या ताब्यात होती आणि ती परत मिळवणे हे त्याच्या आयर्लंडमधल्या कामांपैकी एक होते. आणि इंग्रजांनी इंग्रजीच बोलावी असे बजावणारा तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची स्वतःची भाषासुद्धा उसनी असते, याचा इतका स्पष्ट दाखला इतिहासात क्वचित मिळेल. कायदा कागदावर राहिला. बर्क आयरिशच राहिले.

दीडशे वर्षांनी तर काटा पुरता उलटा फिरला. गॉलवे शहर वाढले ते द बर्गांच्या गढीभोवती. त्या घराण्याच्या दालनाचे अवशेष आज तिथे काचेआड जपून ठेवले आहेत. त्याच गॉलवेच्या नगरसभेने १५१८ मध्ये नियम केला की नाताळ असो, ईस्टर असो वा दुसरा कुठला सण, महापौर आणि नगरसभेच्या परवानगीशिवाय कोणी बर्क किंवा मॅक विल्यम मंडळींना घरी उतरवून घेऊ नये. दंड पाच पौंड. ज्यांनी हे शहर वसवले, त्यांनाच त्याच्या वेशीवर रानटी आयरिश म्हणून अडवले गेले. उपरा कोण, हे माणसाच्या रक्तावर ठरत नाही. त्या घडीला वेशीच्या किल्ल्या कोणाच्या हाती आहेत, त्यावर ते ठरते.

पुढच्या काळात या घराण्याने आयर्लंडचे सगळे भोग भोगले. मेयोच्या एका बर्कची बायको होती ग्रॅन्या नी वॉल्या, पश्चिम समुद्रावर स्वतःची गलबते चालवणारी बाई. इंग्रज अधिकाऱ्याने कैद केलेल्या मुलाच्या सुटकेसाठी ती १५९३ मध्ये थेट लंडनला गेली आणि पहिल्या एलिझाबेथ राणीला भेटली. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या फौजा आल्या, पुष्कळांच्या जमिनी गेल्या. १६९१च्या लिमरिक तहानंतर हजारो आयरिश सैनिक फ्रान्सला गेले, आणि १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देशोधडीला लागली. मेयोला त्याची झळ फार बसली. जहाजांवर चढलेल्या त्या गर्दीत बर्क होते. आज अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जे बर्क भेटतात, त्यांतले बहुतेक कुठल्या सरदाराचे नव्हेत, या साध्या कुळांचे वारस आहेत.

गॉलवे परगण्यातला रॉबर्ट ओ’हारा बर्क १८६० मध्ये मेलबर्नहून ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायला निघाला. त्याच्या तांड्यातले उंट कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून जहाजाने नेले होते. परतीच्या वाटेवर कूपर क्रीकच्या काठी तो उपासमारीने मेला. त्याच काठावर यांड्रुवांधा लोक पिढ्यान् पिढ्या जगत होते, त्यांची मदत त्याने धुडकावली होती. त्याचा सोबती जॉन किंग वाचला, कारण त्या लोकांनी त्याला आपल्यात सामावून घेतले. शतकांपूर्वी आयरिशांकडून जगण्याची रीत शिकलेल्या घराण्याचा वारस हा धडा विसरला, आणि त्याची किंमत त्याने जिवाने मोजली.

याच आडनावाच्या एडमंड बर्कने, डब्लिनच्या प्रॉटेस्टंट वकिलाच्या आणि कॅथलिक आईच्या मुलाने, हिंदुस्थानातल्या जुलमाबद्दल वॉरन हेस्टिंग्जला जाब विचारण्यासाठी १७८८ ते १७९५ असा सात वर्षे महाभियोग लढवला. हेस्टिंग्ज सुटला, पण जिंकणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो ही गोष्ट त्या खटल्यात नोंदली गेली. याच आडनावाच्या जॉन बर्कने १८२६ मध्ये ब्रिटिश उमरावांच्या वंशावळींचा तो प्रसिद्ध ग्रंथ काढला, जो आजही कुळाचा पुरावा म्हणून उघडला जातो. कोणाचे रक्त किती जुने हे सांगणाऱ्या पुस्तकावर नाव आहे ते अशा सरमिसळ झालेल्या कुळाचे.

आणि १९९० मध्ये स्वतंत्र आयर्लंडने पहिली महिला राष्ट्राध्यक्ष निवडली ती मेरी रॉबिन्सन, मेयोतल्या बलिना गावची, माहेरची बर्क. देश सोडून गेलेल्या आयरिशांची आठवण म्हणून तिने राष्ट्राध्यक्ष निवासाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लावला. जिंकायला आलेल्यांचे आडनाव घेऊन जन्मलेल्या बाईने हाकलल्या गेलेल्यांसाठी लावलेला तो दिवा होता, आणि त्यावर तिचा हक्क काय, असे आयर्लंडने विचारले नाही.

मग बर्क मूळचे कुठले? उत्तरेकडच्या समुद्राचे, नॉर्मंडीचे, नॉरफोकचे, कॉनॉटचे, मेलबर्नचे? प्रत्येक उत्तर खरे आहे आणि एकटे कुठलेच पुरेसे नाही. आडनाव म्हणजे सातबारा नव्हे की त्यावर कोणाची मालकी लावून घ्यावी. माणसे कुठून निघाली, कुठे थांबली, कोणाकडून काय शिकली, याची ती नोंद आहे. तिचा अभिमान जरूर बाळगावा, मुलाबाळांना ती जरूर सांगावी. फक्त ती सगळी सांगावी. आपल्या सोयीच्या पिढीपाशी थांबून ‘इथून पुढचे तेवढे आमचे’ म्हणणे हा आपल्याच पूर्वजांवर अन्याय आहे, कारण त्यांनाही कधीतरी, कुठल्यातरी वेशीवर, ‘तुम्ही कुठले?’ असे दरडावून विचारले गेलेले असते.