टप्प्याला वेळ द्या

गेल्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका मैफलीत एक तरुण गायिका मध्यंतरानंतर काफी रागातला टप्पा, हा अतिवेगवान तानांचा गानप्रकार, गायला बसली. मुखडा जेमतेम दोनदा आला असेल, तोच विंगेतून चिठ्ठी आली: भैरवी घ्या, म्हणजे आता संपवा. मुलीने तबलजीकडे पाहिले आणि टप्पा आवरता घेतला. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "बरं झालं बाई, या धावपळीत काही कळतच नाही." तेव्हापासून टप्पा ही ज्यांची खासियत होती त्या गायिका मालिनी राजूरकरांबद्दल लिहायचे मनात होते.

माझ्याकडे मालिनीबाईंच्या टप्प्यांची एक जुनी कॅसेट आहे. मे महिन्यात ती ऐकायची तर मी कूलर बंद करते. पारा पंचेचाळिसावर असतो, पदर भिजून जातो, पण कूलरच्या घरघरीत तिच्यातले बारीक दाणे बुडतात आणि टप्पा म्हणजे तर सगळे दाणेच. ख्यालातली तान बहुधा एक दिशा धरून धावते. टप्प्यातली तान पावलापावलाला वळते. आधी आलापाने जमीन तयार करायची सवड नाही. बोल दोन ओळींचे, पंजाबी. एकेका अक्षराला चार-पाच स्वरांचा झुपका लगडतो, तो सुटायच्या आत दुसरा, मध्येच एखादा उलटा फिरतो, आणि हे सगळे समेच्या आत बसवायचे. जमजमा, गिटकिरी, खटका हे स्वरांच्या अलंकारांचे शब्द आपण क्लासमध्ये वहीत लिहून घेतो. मालिनीबाईंच्या गळ्यात ते ऐकू येतात, चांगल्या मसालेभातासारखे, शीत न् शीत मोकळे. इतक्या वेगात एकही स्वर दुसऱ्याला चिकटत नाही.

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, म्हणून त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. 1941 साली राजस्थानात जन्मलेल्या मालिनीबाई गणिताच्या पदवीधर. अजमेरच्या सावित्री शाळेत त्यांनी तीन वर्षे गणित शिकवले. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या गाण्याकडे वळल्या. ग्वाल्हेर घराण्याची तालीम गोविंदराव राजूरकर आणि त्यांचे पुतणे वसंतराव यांच्याकडे झाली. वसंतरावांशीच पुढे लग्न झाले आणि संसार हैदराबादला मांडला. प्रसिद्धीपासून त्या कायम लांब राहिल्या. 2001 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 6 सप्टेंबर 2023 रोजी त्या गेल्या.

टप्पा रुजवला तो शोरी मियाँने, लखनौच्या नवाब आसफउद्दौलाच्या काळात. पंजाबातल्या उंटवाल्यांच्या गाण्यातून, असे परंपरा सांगते. त्याच सुमारास, 1791 साली, तिकडे व्हिएन्नात मोझार्टने आपल्या एका ऑपेरात 'रात्रीची राणी' या पात्रासाठी अशीच अतिवेगवान, अतिउंच स्वरांची गाणी लिहिली. अशा गळ्याला तिकडे 'कोलोरातुरा सोप्रानो' म्हणतात. त्या राणीच्या गाण्यासाठी लोक सबंध ऑपेराभर वाट पाहतात. आपण आपल्या गायिकेला चिठ्ठी पाठवतो.

मराठी घरांत मालिनीबाई पोचल्या त्या नाट्यगीतांतून. 'सौभद्र', 'स्वयंवर' आणि 'कट्यार काळजात घुसली' यांतली त्यांनी गायलेली पदे पुष्कळांना पाठ आहेत. 'कट्यार' तर आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. या पदांवर माझेही प्रेम आहे. पण मालिनीबाई म्हणजे तेवढेच, असे धरून चाललो तर त्यांचे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोठे काम आपण ऐकलेच नाही असे होईल. टप्पा गाणारे गळे आधीच मोजके. तो गळा तयार व्हायला वर्षे लागतात, आणि इतका रियाज करून शेवटी तीन मिनिटेच मिळणार असतील तर कुठली मुलगी तो शिकेल?

आयोजकांना माझी विनंती आहे: गायिकेला टप्पा येत असेल तर त्याला पंधरा-वीस मिनिटे आधीच राखून ठेवा, आणि तो श्रोते ताजे असताना, मध्यंतराआधी ठेवा. क्लास घेणाऱ्यांनी मुलींना टप्पा नुसता परीक्षेपुरता लिहून देऊ नये, मालिनीबाईंचा ऐकवावा. आणि शेजारच्या त्या बाईंना सांगते, एकदा कूलर बंद करून मालिनीबाईंचा भैरवीतला टप्पा ऐका. पहिल्यांदा धावपळ वाटेल. लगेच पुन्हा लावा.