खालची सही

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण घोकत असतो. पण शहाणा आपण होऊन चढतो कुठे? त्याला फरफटत नेतात! आमच्या सातपुरात कारखाने आले, शेतांचे प्लॉट पडले. बांध गेले, बांधावरची भांडणे मात्र उरली. जमिनीला भाव आला की हक्क नसलेलाही दावा ठोकतो. त्याला जिंकायचे नसतेच. तारखांनी टेकीला आलेला समोरचा चार पैसे टाकील, एवढाच हिशेब.

कायदा अगदीच झोपलेला नाही. सवयीच्या दावेबाजांना वेसण घालणारा कायदा महाराष्ट्राने १९७१ सालीच केला. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम निघाली. पण साध्या दिवाणी दाव्यात खोटेपणाबद्दल भरपाई मिळायची ती फार तर ३,००० रुपये! गुंठ्याच्या भावापुढे हे चहापाणीच. ती मर्यादा वाढवावीच.

तरीही, दाव्याखाली ‘वरील मजकूर खरा आहे’ अशी सही वादीच करतो ना? नक्कल करणाऱ्या पोराला आपण वर्गाबाहेर काढतो. आणि खोटी सही करणाऱ्याला ‘पोचलेला माणूस’ म्हणून पहिल्या पंगतीला बसवतो. कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पंगत तर आपल्याच हातात आहे!