आद्याक्षरांची मुजोरी

'विषय हार्ड आहे' असे तेल्हाऱ्याकडचा पोरगा बोलला की आम्हां मराठीच्या प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडते. 'काऊन बे' कानी आले की भाषा बुडाल्याची हाकाटी सुरू होते. ही हाकाटी पोकळ आहे. या शब्दांमागे बोलणारा माणूस उभा असतो, ऐकणाऱ्याला अर्थ कळतो आणि कंटाळा आला की पोरे ते शब्द आपणहून टाकूनही देतात.

खरी मुजोरी आद्याक्षरांची आहे. 'तुमचं डीबीटी अडकलं, एनपीसीआय करून आणा', असे फर्मान खिडकीतून सुटते. 'अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते, बँकेत जाऊन खाते जोडून घ्या', एवढे मराठीत सहज सांगता येते. पण मग शेतकरी पुढचा प्रश्न विचारील ना! आणि आम्ही? 'नॅक', 'एनईपी', 'सीओ-पीओ' अशी जपमाळ ओढत विद्यार्थ्यांना भाषाशुद्धी शिकवतो.

याच वऱ्हाडातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशोबासांना नागदेवाचार्यांनी रोखले, कारण साधीभोळी माणसे ज्ञानाला मुकली असती. ही कथा आपण दरवर्षी वर्गात सांगतो आणि तास संपताच परिपत्रकांतल्या आद्याक्षरांपुढे मान तुकवतो.

तेव्हा पोरांच्या 'काऊन'ला हसणे पुरे. 'काऊन' म्हणजे 'का'. त्या खिडकीशी हाच प्रश्न विचारायला हवा, आणि आधी तो आपल्या प्राध्यापक-कक्षात विचारायला हवा.