संदेशाची मुदत

मोहर्लीच्या फाटकावर पर्यटकांचे परवाने तपासले जातात, हे आमच्या विद्यार्थ्यांनी अनेकदा पाहिले आहे. परवान्यावर आत कोणी जावे हे जसे लिहिलेले असते, तसेच तो कोणत्या फेरीपुरता आहे हेही असते; सकाळचा परवाना दुपारी चालत नाही. शरीरातील पेशींतही अशीच व्यवस्था आहे, आणि शाळांतून ती सहसा शिकविली जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

डीएनएवरून आरएनएचा संदेश उतरवून घेतला जातो व त्यावरून प्रथिन तयार होते, एवढे दहावीचा विद्यार्थी घडाघडा सांगतो. परंतु तो संदेश टिकतो किती वेळ, असे विचारले म्हणजे वर्ग गप्प! वस्तुतः याचे उत्तर संदेशातच असते. बहुतांशी प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या अक्षरांत.

रक्ताचेच उदाहरण घ्यावे. तांबडी पेशी परिपक्व होताना आपले केंद्रक टाकून देते. मग नवा संदेश यावा कोठून? जुन्याच संदेशांवरून तिला हिमोग्लोबिन करीत राहावे लागते. हिमोग्लोबिनचा एक घटक अल्फा-ग्लोबिन. त्याच्या संदेशाच्या अखेरीस 'सी' या अक्षराची गर्दी असलेले तुकडे आहेत; त्यांना विशिष्ट प्रथिने बिलगतात व संदेश दीर्घकाळ टिकतो. याउलट पांढऱ्या पेशी वाढविण्याचा हुकूम लवकर संपलेला बरा. तशा एका संदेशाच्या अंती 'ए' व 'यू' ही अक्षरे पुनःपुन्हा येतात. १९८६ साली शॉ व कामेन यांनी त्यातील ५१ अक्षरांचा तुकडा सशाच्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकात बसविला, तेव्हा तो टिकाऊ संदेश झपाट्याने नष्ट होऊ लागला. मजकूर तोच, मुदत निराळी! पुढे कोविडवरील फायझर-बायोएनटेकच्या लसीतही संदेशाच्या आरंभीची अक्षरे मानवी अल्फा-ग्लोबिनवरून घेतली गेली. आणि पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या याच जातीच्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली.

मात्र चंद्रपूर-गडचिरोलीत हा विषय शिकविण्याचे खरे कारण दुसरेच आहे. सिकलसेलचा आजार येथील अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. त्यात बीटा-ग्लोबिनच्या संदेशातील एका शब्दात 'जीएजी'ऐवजी 'जीयूजी' होते; अक्षर बदलले एकच. पेशीत पहाऱ्याची सोय आहे: संदेशात मध्येच पूर्णविराम आला, तर तो बहुधा फाडून टाकला जातो. थॅलेसेमियाच्या काही प्रकारांत असेच घडते. सिकलसेलच्या संदेशात पूर्णविराम जागच्या जागी असतो. म्हणून तो पहाऱ्यातून सुटतो व निरोगी संदेशासारखाच वाचला जातो. केवळ हस्ताक्षर पाहून गुण देणारा परीक्षक जसा! (असे परीक्षक मी पाहिले आहेत.)

तेव्हा हा आजार म्हणजे पापाची शिक्षा नव्हे, की कुळाचा डाग नव्हे. वाहक मनुष्य बहुधा निरोगीच असतो. परंतु आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारांत एक. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून तपासणीचा निकाल दडवून ठेवणाऱ्या पालकांशी माझे येथेच भांडण आहे.

येत्या सत्रात हे दोन शब्द फळ्यावर लिहून मी हा पाठ नववी-दहावीस शिकविणार आहे. ज्या पालकांना मागच्या बाकावर बसावयाचे असेल, त्यांनी अवश्य यावे.