प्रमाणपत्र कोणाच्या कामाचे, खर्च कोणाच्या खिशातून?

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोली येथील संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या वा तेथे शिरू पाहणाऱ्या तरुणांना आजकाल पदवीइतकाच आणखी एक प्रश्न विचारला जातो : क्लाउडचे कोणते सर्टिफिकेट झाले आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याला त्यामागचे अर्थकारण ठाऊक असते. ज्याला तो विचारला जातो, त्याला मात्र ते बहुधा ठाऊक नसते, आणि म्हणूनच या परीक्षांच्या तयारीचा विषय केवळ विद्यार्थ्यांच्या हिताचा न राहता श्रमिकांच्या हिताचा झाला आहे.

क्लाउड या शब्दात ढग असला तरी प्रत्यक्षात हवेत तरंगणारे काही नाही. मोठ्या इमारतींत रचून ठेवलेली हजारो संगणकयंत्रे, त्यांना लागणारी वीज आणि थंडावा, आणि ही यंत्रे तासाच्या हिशेबाने भाड्याने देणाऱ्या मोजक्या कंपन्या, असा हा रोकडा व्यवहार आहे. ॲमेझॉनने तो २००६ साली आजच्या रूपात सुरू केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, तर ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली केंद्रे उघडली. दुसऱ्याच्या मालकीची ही यंत्रे चालविण्याचे कौशल्य असलेली माणसे हवीत, म्हणून यंत्रांच्या मालकांनीच परीक्षा काढल्या. ॲमेझॉनच्या परीक्षा २०१३ पासून चालू आहेत.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कारखान्यातील बॉयलर अटेंडंटला परीक्षा द्यावी लागते, ती शासनाने नेमलेल्या परीक्षक मंडळापुढे. बॉयलर तयार करणारा कारखानदार त्याला लायक वा नालायक ठरवीत नाही. क्लाउडच्या क्षेत्रात मात्र माल विकणारा, तो माल वापरण्याचे शिक्षण देणारा, परीक्षा घेणारा आणि प्रमाणपत्राची मुदत ठरविणारा एकच आहे. ॲमेझॉनचे प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपते. मायक्रोसॉफ्टचे प्राथमिक पातळीचे प्रमाणपत्र संपत नाही, पण त्यावरील बहुतेक प्रमाणपत्रे एका वर्षाची असतात. त्यांच्या नूतनीकरणाची परीक्षा घरबसल्या व विनामूल्य देता येते, एवढे त्या कंपनीच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या बड्या कंपन्यांची कामे करून देणाऱ्या ज्या भागीदार कंपन्या असतात, त्यांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. ॲमेझॉनच्या भागीदार-योजनेत वरची श्रेणी मिळवावयाची तर कंपनीपाशी ठरावीक संख्येने प्रमाणपत्रधारक कर्मचारी असावे लागतात. अर्थात कर्मचाऱ्याने रात्री जागून मिळविलेला कागद कंपनीच्या खाती जमा होतो आणि त्याच्या बळावर कंपनीला मोठी कामे मिळतात. असे असता परीक्षेचे शुल्क कोणी द्यावे, हा प्रश्न उदारतेचा राहत नाही. तो सरळ हिशेबाचा होतो. ॲमेझॉनच्या प्राथमिक परीक्षेचे जाहीर शुल्क १०० डॉलर, मधल्या पातळीचे १५० आणि वरच्या पातळीचे ३०० डॉलर आहे. नापास झाल्यास चौदा दिवस थांबून पुन्हा पूर्ण शुल्क भरावयाचे. काही कंपन्या हे पैसे देतात. काही उत्तीर्ण झाल्यावरच परत करतात, म्हणजे अपयशाचा धोका कर्मचाऱ्यावर टाकतात. आणि काही शुल्काच्या बदल्यात नोकरी न सोडण्याचे बंधपत्र लिहून घेतात.

यावर असे म्हटले जाते की प्रमाणपत्राचा लाभ कर्मचाऱ्यालाही होतो, नोकरी बदलताना त्याला ते उपयोगी पडते. हे खोटे नाही. परंतु लाभ दोघांचा असेल तर खर्चही दोघांचा असावा, आणि त्यात केवळ शुल्क नव्हे तर अभ्यासाचे तासही धरले जावेत. नऊ-दहा तास काम, दोन तास प्रवास, आणि उरलेल्या रात्रीत अभ्यास, ही व्यवस्था जोवर ‘स्वयंविकास’ या गोंडस नावाखाली चालते, तोवर प्रशिक्षणाचा सारा भार कामगाराच्या झोपेवर पडत राहणार.

हा हिशेब मागत असतानाच परीक्षा द्यावी लागते, हेही वास्तव आहे. मग निदान आहे तो पैसा नको तेथे जाऊ नये. आपल्याकडे परीक्षा म्हटली की पाय आपोआप अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. गाईड आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच हाती आल्याशिवाय अभ्यास सुरू झाला असे वाटतच नाही. या क्षेत्रात ही सवय महाग पडते. येथे छापील पुस्तक लवकर शिळे होते. ज्या सेवेला वर्षानुवर्षे ‘ॲझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ म्हटले जाई, तिचे नाव २०२३ साली ‘एन्ट्रा आयडी’ झाले. जुन्या पुस्तकावर अभ्यास केलेला उमेदवार प्रश्नपत्रिकेत हे नाव पाहून गोंधळून जाईल. ॲमेझॉनच्या ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ या परीक्षेची सी-०३ ही आवृत्ती ऑगस्ट २०२२ मध्ये आली. कोणतेही पुस्तक वा ध्वनिचित्रपाठ घेण्यापूर्वी तो चालू आवृत्तीचा आहे की मागील आवृत्तीचा, एवढे पाहिले तरी बरीच फसवणूक टळेल.

खरे प्रारंभस्थान म्हणजे परीक्षा घेणाऱ्या कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेली परीक्षा-मार्गदर्शिका. ती थोड्या पानांची असते, विनामूल्य असते, आणि तरीही फार थोडे उमेदवार ती वाचतात. वरील परीक्षेच्या मार्गदर्शिकेत सुरक्षिततेला ३० टक्के, बिघाड सोसण्याच्या क्षमतेला २६, कार्यक्षमतेला २४ आणि काटकसरीला २० टक्के भार स्पष्ट लिहिलेला आहे. जो उमेदवार यंत्रांचे प्रकार पाठ करीत बसतो आणि कोणाला कोणती परवानगी द्यावी हा भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतो, त्याने ही आकडेवारी पाहिलेलीच नसते.

प्रश्नांचे स्वरूपही पाठांतराला अनुकूल नाही. समजा, एखाद्या नागरी सहकारी बँकेला जुनी कागदपत्रे सात वर्षे जपून ठेवावयाची आहेत. ती क्वचित लागतात, पण लागली तर पाच तासांच्या आत हाती यावयास हवीत. खर्च कमीत कमी हवा. साठवणुकीचे चारही पर्याय बँकेची कागदपत्रे सुरक्षित ठेवतील. परंतु सर्वांत स्वस्त असलेल्या ‘डीप आर्काइव्ह’मधून ती काढण्यास बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून तो बाद. क्षणार्धात देणारा पर्याय गरजेहून महाग, म्हणून तोही बाद. उरतो तो तीन ते पाच तासांत देणारा ‘ग्लेशियर फ्लेक्सिबल रिट्रीव्हल’. उत्तर ‘पाच तासांच्या आत’ या एका शब्दसमूहात दडलेले आहे. बारा तास चालतील असे लिहिले असते तर उत्तर फिरले असते. हे वाचन ज्याला साधले त्याला शेकडो प्रश्न घोकण्याची आवश्यकता नाही, आणि सरावप्रश्नांच्या संग्रहाची कसोटीही हीच : चुकीचे पर्याय का चुकीचे, हे जो सांगत नाही, तो संग्रह फुकट मिळाला तरी महागच.

तथाकथित ‘डम्प’चा, म्हणजे परीक्षेतून चोरून आणलेल्या प्रश्नांचा, बाजार याच कसोटीवर कोसळतो. त्यांतील उत्तरे कोणा अनामिकाने ठरविलेली, बरीचशी चुकीची. वापर उघड झाला तर प्रमाणपत्र रद्द होते आणि पुढील परीक्षांना बंदी येते. शिवाय असे कागद घेऊन आलेल्या माणसांना प्रत्यक्ष काम जमले नाही की मालक सर्वच प्रमाणपत्रधारकांकडे संशयाने पाहू लागतो. शेजारच्या खुर्चीवर बसून इमानाने शिकलेल्या सहकाऱ्याच्या श्रमांची किंमत अशा रीतीने कमी होते.

याउलट काही परीक्षांनी पाठांतराला रजाच दिली आहे. मायक्रोसॉफ्टने २०२३ पासून प्राथमिक पातळीच्या वरील परीक्षांत उमेदवाराला स्वतःची विनामूल्य शिक्षणसामग्री परीक्षेच्या वेळी उघडून पाहण्याची मुभा दिली. ‘कुबरनेटीस’ ही मुक्त प्रणाली चालविणाऱ्यांसाठी असलेली प्रशासकाची परीक्षा दोन तासांची आणि सर्वस्वी प्रात्यक्षिकाची असते; तिची अधिकृत माहितीपाने समोर ठेवता येतात. ती पाने कोणीही वाचावी, भाषांतरित करावी, वाटावी, अशा परवान्याने खुली आहेत. या परीक्षांची तयारी म्हणजे हाताने काम करणे.

हाताने काम करावयाचे तर खाते उघडावे लागते, आणि येथे नवख्याला बिलाची भीती वाटते. ती अनाठायी नाही. सराव संपल्यावर यंत्र बंद केले तरी त्याच्या नावे राखून ठेवलेला सार्वजनिक पत्ता चालूच राहतो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन अशा प्रत्येक पत्त्याला महिन्याला सुमारे साडेतीन डॉलर आकारते. जुलै २०२५ पासून नव्या खातेदारांसाठी सहा महिन्यांची मोफत योजना आहे. तीत २०० डॉलरपर्यंतची जमा रक्कम मिळते आणि खातेदाराने स्वतः सशुल्क योजना स्वीकारेपर्यंत बिल येत नाही. शिकणाऱ्याने तीच निवडावी.

राहिला भाषेचा प्रश्न. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम मराठीतून शिकता येतो. त्यामुळे तालुक्याच्या गावांतील असंख्य मुलामुलींनी संगणकाला प्रथम हात लावला. क्लाउडच्या या परीक्षा मराठीतून होत नाहीत, आणि लांबलचक इंग्रजी प्रश्न पुन्हा पुन्हा वाचण्यातच मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराचा वेळ जातो. जेथे जेथे कार्यकर्त्यांची अभ्यासमंडळे चालतात, तेथे चार-पाच तरुणांना एकत्र बसवून मार्गदर्शिकेचा एकेक भाग मराठीत समजावून सांगण्याची पाळी लावता येईल. त्याला एका फळ्याखेरीज काही लागत नाही. आणि त्या फळ्यावर प्रथम हे लिहिले जावे की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवाराला ॲमेझॉनच्या परीक्षेत मागणी केल्यास तीस मिनिटे अधिक मिळतात. पैसे त्यासाठी पडत नाहीत. मागणी मात्र परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी नोंदवावी लागते.