संमेलनाला न जाणारा वाचक

साहित्य संमेलन आटोपले की रिकाम्या खुर्च्यांचा पंचनामा सुरू होतो आणि दोषाचे खापर ठरलेल्या डोक्यावर फुटते: वाचकाची अभिरुचीच मेली! हा आरोप आम्हांस साफ नामंजूर आहे.

खानदेशापुरते बोलू. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जळगावास १९३६ साली, धुळ्यास १९४४ साली, अमळनेरास १९५२ साली भरले. पुढे १९८४ साली ते पुन्हा जळगावास आले, आणि त्यानंतर थेट २०२४ साली अमळनेरास. मध्ये चाळीस वर्षे लोटली! ज्याच्या दारी ही गंगा पिढीतून एकदा येते, त्याने घरी का बसावे? त्यातही विज्ञानकथेचा वाचक तर समानधर्म्याच्या शोधात आसुसलेला. कृष्णविवर किंवा कालप्रवास यांवर तावातावाने वाद घालावा, असा सोबती त्याला आपल्या गावात क्वचितच लाभतो. तरीही तो जात नाही, कारण तेथे त्याच्यासाठी काही नसते हे तो जाणून आहे.

न्यूयॉर्क येथे १९३९ साली पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, ते हौशी वाचकांनीच भरविले. तेथील ह्यूगो पारितोषिके आजही सभासदांच्या मतांनी ठरतात. आमच्याकडे अध्यक्ष निवडताना सामान्य वाचकाला मत पूर्वीही नव्हते, आजही नाही. त्याने करावयाचे काय? मंत्र्यांची वाट पाहावी, सत्कार मोजावे आणि टाळ्या वाजवाव्या!

कोणी म्हणेल, नाशिकच्या २०२१ च्या संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांस दिले, हा विज्ञानकथेचा गौरव नव्हे काय? गौरव खराच. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, हा कोणाचाच दोष नव्हे. परंतु त्याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने धाडली आणि ती पहिली आली, हे स्मरावे. परीक्षकांपुढे केवळ कथा होती, नावाचे वलय नव्हते. साहित्याशी वाचकाचे नाते असे असते. लेखक व्यासपीठावर नसला तरी त्याच्या कथेवर दहा वाचक एकत्र बसून भांडू शकतात; फक्त त्यांना बसावयास जागा हवी.

कविकट्ट्यावर नवकवीस व्यासपीठ मिळते. मग वाचकांनाच का मिळू नये? मुख्य मंडपातील अर्धा दिवस त्यांच्या स्वाधीन करा. एक पुस्तक आधी जाहीर करा, आणि जळगाव-धुळ्याच्या वाचकांस त्यावर बोलू द्या. मान्यवरांनी तेवढा वेळ समोरच्या खुर्च्यांवर बसून ऐकावे. एवढे करूनही वाचक आला नाही, तर त्याला खुशाल दोष द्या. तोवर त्याची गैरहजेरी ही उदासीनता नसून त्याने दिलेला निकाल आहे, असेच आम्ही समजू.